मोजणी बंद झालेल्या देशातली एक जागा: फ्लँडर्समधल्या फ्रेंच भाषकांच्या पक्षाचं प्रकरण

बेल्जियमच्या फ्लँडर्स या डच भाषक प्रदेशाच्या फ्लेमिश संसदेत १२४ सदस्य असतात. तिथलं सगळं कामकाज डच भाषेत चालतं. शपथ, भाषण, प्रश्न, दुरुस्त्या, सगळं डचमध्ये. १९९५ ते २०१९ अशी सलग २४ वर्षं या सभागृहात एक सदस्य असा होता, ज्याला निवडून देणारे मतदार घरी फ्रेंच बोलत होते आणि फ्रेंच बोलतो म्हणूनच त्याला मत देत होते. त्या सदस्याचं नाव क्रिस्तियाँ फान आयकन आणि त्याच्या पक्षाचं नाव 'युनियन दे फ्रँकोफोन', थोडक्यात यूएफ.

पक्ष म्हणताना थोडं सांभाळून म्हणायला हवं. यूएफ ही खरं तर निवडणुकीपुरती एकत्र आलेली संयुक्त यादी होती. ब्रसेल्स आणि फ्रेंच भाषक वालोनीत एकमेकांविरुद्ध लढणारे फ्रेंच भाषक पक्ष, म्हणजे उदारमतवादी, ख्रिश्चन लोकशाहीवादी, समाजवादी आणि ब्रसेल्सच्या फ्रेंच भाषकांसाठी १९६४ मध्ये स्थापन झालेला एफडीएफ, हे ब्रसेल्सभोवतीच्या या एका पट्ट्यात मात्र एका चिन्हाखाली उभे राहत. कर, पेन्शन, शेती यांवर त्यांचं एकमत नव्हतं आणि त्याची इथे गरजही नव्हती. मागणी एकच होती: आम्ही इथे आहोत हे मान्य करा.

या मागणीला इतकी धार का आली हे समजल्याशिवाय यूएफचं प्रकरण कळत नाही. माझं म्हणणं असं की, सरकारने भाषा मोजायचं थांबवलं त्या दिवशीच या पक्षाची गरज जन्माला आली.

सहा गावं

नकाशा डोळ्यांसमोर आणू. ब्रसेल्स हा १९ नगरपालिकांचा द्विभाषिक प्रदेश आहे. त्याला चारही बाजूंनी फ्लँडर्सचा, म्हणजे डच भाषक प्रदेशाचा वेढा आहे. दक्षिणेला वॉटर्लूच्या बाजूला फ्रेंच भाषक वालोनी अगदी जवळ येते. मध्ये उरते ती सिंट-खेनेसियस-रोडे या गावाची चिंचोळी पट्टी. हे गाव फ्लँडर्सकडे राहिलं तर ब्रसेल्स हे डच प्रदेशातलं बेट ठरतं, आणि वालोनीकडे गेलं तर ब्रसेल्स आणि वालोनी एकमेकांना जोडले जातात. म्हणूनच या एका गावाचं वजन त्याच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट आहे. त्याच्याबरोबर लिंकेबेक, ड्रोगेनबोस, क्राइनेम, वेझेम्बेक-ओपेम आणि वेमेल अशी ही सहा गावं ब्रसेल्सला खेटून आहेत. कायद्याने सहाही फ्लँडर्समध्ये आहेत, पण बहुतेकांत फ्रेंच बोलणारे बहुसंख्य आहेत.

फ्लेमिश लोकांची बाजू इथेच सांगून टाकतो, कारण ती न सांगता पुढे जाणं अन्यायाचं होईल. ब्रसेल्स हे मुळात डच बोलीचं शहर. १८३० मध्ये बेल्जियम स्वतंत्र झाला तेव्हा राज्यकारभार, न्यायालय, सैन्य, उच्च शिक्षण सगळं फ्रेंचमध्ये होतं. खेड्यातून शहरात आलेल्या फ्लेमिश कुटुंबाला वर चढायचं तर मुलाला फ्रेंच शाळेत घालावं लागे, आणि दोन पिढ्यांत घरातली भाषा बदलून जाई. कायद्याच्या डच मजकुराला फ्रेंचच्या बरोबरीचा दर्जा मिळायला १८९८ उजाडलं. गेंटचं विद्यापीठ पूर्ण डच व्हायला १९३० साल लागलं. अशा लोकांना ब्रसेल्स शहर आपल्या गावांवर तेलाच्या डागासारखं पसरताना दिसलं आणि ते घाबरले. ती भीती खरी होती. फ्रेंच भाषक इथे स्थानिक अल्पसंख्याक असले तरी बेल्जियमच्या इतिहासात बराच काळ सत्तेची भाषा त्यांचीच होती, ही गोष्ट फ्लेमिश माणूस विसरत नाही आणि त्याने विसरावी अशी अपेक्षाही चुकीची आहे.

शेवटची मोजणी

१९३२ च्या कायद्याने जनगणनेला फार मोठी ताकद दिली होती. एखाद्या नगरपालिकेत दुसऱ्या भाषेचे लोक ३० टक्क्यांवर गेले की तिथे त्या भाषेत सेवा द्यायच्या, आणि ५० टक्के ओलांडले की गावाची भाषाच बदलायची. म्हणजे दर जनगणनेला सीमा हलणार, आणि हलणार ती जवळजवळ नेहमी एकाच दिशेने.

१९४७ ची जनगणना अशीच वादात सापडली. फ्लेमिश नेत्यांचा आक्षेप होता की, लोकांनी बोलतो ती भाषा न लिहिता, जी लिहिल्याने पत वाढते ती भाषा लिहिली. निकाल दाबून ठेवले गेले आणि १९५४ मध्ये बाहेर आले. त्यांच्या आधारे एव्हेरे, गांसहोरेन आणि सिंट-आगाथा-बेर्खेम ही तीन गावं ब्रसेल्समध्ये गेली. ड्रोगेनबोस, क्राइनेम, लिंकेबेक आणि वेमेल या चार गावांत फ्रेंच भाषकांना सवलती मिळाल्या. पुढच्या जनगणनेच्या वेळी शेकडो फ्लेमिश नगराध्यक्षांनी भाषेचा प्रश्न असलेले अर्ज वाटायलाच नकार दिला. शेवटी २४ जुलै १९६१ च्या कायद्याने जनगणनेतून भाषेचा प्रश्न काढून टाकला गेला. तेव्हापासून आजपर्यंत बेल्जियममध्ये कोण किती हे अधिकृतपणे कुणीही मोजलेलं नाही.

त्यानंतर १९६२ आणि १९६३ च्या कायद्यांनी भाषेची सीमा कायमची आखली. सवलतींच्या चार गावांत सिंट-खेनेसियस-रोडे आणि वेझेम्बेक-ओपेमची भर पडून सहा झाली. या गावांत नगरपालिकेचा अंतर्गत कारभार डचमध्ये राहील, पण फ्रेंच भाषक रहिवाशाला दाखला, नोटीस, कराचं बिल फ्रेंचमध्ये मागता येईल. १६ कुटुंबप्रमुखांनी मागणी केली तर फ्रेंच माध्यमाची प्राथमिक शाळाही मिळेल.

सवलत दिली कशासाठी, यावर मात्र दोन्ही बाजूंनी कधीच एकवाक्यता झाली नाही. फ्लेमिश बाजू म्हणते, नव्याने आलेल्यांना डच शिकेपर्यंतची ती सोय होती. फ्रेंच बाजू म्हणते, सहा गावं ब्रसेल्सला न जोडण्याच्या बदल्यात दिलेला तो कायमचा हक्क आहे. १९८८ च्या घटनादुरुस्तीने या सवलती बदलायला विशेष बहुमत लागेल असं ठरवून फ्रेंच बाजूला मोठा आधार दिला. पण कायदा न बदलता त्याचा अर्थ बदलता येतो.

दरवेळी मागायचं

तो अर्थ बदलला १६ डिसेंबर १९९७ च्या एका परिपत्रकाने. फ्लेमिश गृहमंत्री लेओ पेटर्स यांनी आदेश काढला की, सहा गावांतले सगळे कागद आधी डचमध्येच जातील. ज्याला फ्रेंचमध्ये हवा असेल त्याने तसा अर्ज करायचा, आणि तो प्रत्येक कागदासाठी नव्याने करायचा.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते पाहू. क्राइनेममधल्या एका आजीबाईंच्या पत्रपेटीत नगरपालिकेच्या कराची नोटीस पडते. ती डचमध्ये. त्या नगरपालिकेला पत्र लिहितात की फ्रेंच प्रत पाठवा. ती येते. पुढच्या वर्षी पुन्हा डच नोटीस, पुन्हा पत्र. मधे मतदानाचं बोलावणं आलं तर त्यासाठी वेगळं पत्र. त्याच घरात चाळीस वर्षं राहणाऱ्या, नगरपालिकेतल्या प्रत्येक कारकुनाला नावाने ओळखणाऱ्या बाईंनाही आपण फ्रेंच बोलतो हे दरवेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं सांगावं लागतं, कारण नगरपालिकेने रहिवाशांच्या भाषेची नोंद ठेवायची नाही असाच या आदेशाचा अर्थ होता. देशाने जनगणनेत मोजणं सोडलं होतं, आता गावाच्या दप्तरातही लक्षात ठेवणं बंद झालं. हक्क कागदावर शाबूत ठेवून तो वापरणाऱ्याला दमवायचं, अशी ही रीत आहे. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत खुपणारी गोष्ट हीच वाटते. डिसेंबर २००४ मध्ये बेल्जियमच्या 'कौन्सिल ऑफ स्टेट' या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने फ्लेमिश सरकारचा अर्थ मान्य केला.

एका जागेची ताकद

यूएफ या सगळ्याच्या मधोमध जन्मली. १९९३ च्या राज्यरचनेने ब्राबांट प्रांताचे दोन तुकडे केले आणि फ्लेमिश संसदेची थेट निवडणूक सुरू झाली. पहिली निवडणूक २१ मे १९९५ ला झाली. सहा गावांतल्या आणि आसपासच्या हाले-विल्फोर्डे पट्ट्यातल्या फ्रेंच भाषकांना आता फ्लेमिश संसदेसाठीच मत द्यावं लागणार होतं. ब्रसेल्सच्या किंवा वालोनीच्या प्रादेशिक सभागृहात त्यांचा आवाज नव्हता. संयुक्त यादी काढली गेली आणि एक जागा मिळाली. १९९९, २००४, २००९ आणि २०१४ मध्ये ती टिकली. मतं संपूर्ण फ्लँडर्सच्या एक टक्क्याच्या आसपास असत.

एकट्या सदस्याला गट करता येत नाही, त्यामुळे सभागृहात वेळ कमी आणि वजन त्याहून कमी. कुठलाही कायदा अडवण्याची ताकद त्याच्याकडे नव्हती. इथे एक तुलना फ्रेंच भाषक नेहमी मांडत आणि ती बिनतोड आहे: ब्रसेल्सच्या ८९ सदस्यांच्या संसदेत डच भाषकांना १७ जागा कायद्याने राखून ठेवलेल्या आहेत, मतं कितीही पडोत. ब्रसेल्सभोवतीच्या फ्रेंच भाषकांना मात्र एकही जागा राखीव नाही. फ्लेमिश उत्तर असं की ब्रसेल्स द्विभाषिक आहे, फ्लँडर्स नाही. कायद्याच्या चौकटीत ते उत्तर बरोबर आहे. माणसांच्या बाजूने पाहिलं तर ते अपुरं आहे.

मग या जागेचा उपयोग काय झाला? माझ्या मते दोन गोष्टी झाल्या. एक, सहा गावांवर परिणाम करणारे डिक्री (फ्लेमिश कायदे), परिपत्रकं, शाळांचे नियम यांवर मंत्र्याला लेखी उत्तर द्यावं लागलं, म्हणजे सरकारची भूमिका कागदावर आली. न्यायालयात जायला आणि युरोपात दाद मागायला असे कागद लागतात. युरोप परिषदेच्या वतीने डुमेनी कोलुम्बर्ग १९९८ मध्ये आणि लिली नाबहोल्झ-हायडेगर २००२ मध्ये या प्रश्नावर अहवाल देऊन गेले. बेल्जियमने राष्ट्रीय अल्पसंख्याकांच्या संरक्षणाच्या करारावर २००१ मध्ये सही केली, पण त्याला संमती दिली नाही. कारण संमती दिली की फ्लँडर्समधले फ्रेंच भाषक अल्पसंख्याक आहेत की नाहीत या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. भाषेची मोजणी बंद असलेल्या प्रदेशात यूएफची मतं हीच एक मोजणी उरली. हाले-विल्फोर्डे तालुक्यात तेव्हा ३५ नगरपालिका होत्या. सवलती फक्त या सहांत आणि भाषेच्या सीमेवरच्या बेव्हर गावात. उरलेल्या २८ गावांतल्या फ्रेंच भाषकांना कायदा ओळखतच नाही, पण यूएफला मतं तिथूनही पडत. मतमोजणीचे आकडे आले की तेवढ्यापुरतं दिसे की ही माणसं आहेत. म्हणून मतं किंचित वाढली की फ्रेंच वर्तमानपत्रांत समाधान दिसे, घटली की फ्लेमिश नेते म्हणत, बघा, लोक मिसळून जात आहेत.

बेळगावकडे राहणाऱ्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. १९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेल्यापासून महाराष्ट्र एकीकरण समितीच्या प्रत्येक निवडणुकीकडे आमदार निवडण्यापलीकडचा कौल म्हणूनच पाहिलं गेलं. समिती २०१३ मध्ये दोन आमदारांवर आली आणि २०१८ मध्ये शून्यावर, तेव्हा सीमाभागातला मराठी माणूस संपला असं त्यातून सिद्ध होत नव्हतं, पण विरोधकांनी अर्थ तोच काढला. एक मोठा फरक आहे. आपल्याकडे जनगणनेत मातृभाषा विचारली जाते आणि १९५६ च्या केंद्राच्या निवेदनाप्रमाणे तालुक्यात १५ ते २० टक्के लोक एखादी भाषा बोलत असतील तर त्या भाषेत सरकारी सूचना काढायच्या असतात. अंमलबजावणी होवो न होवो, आकडा दाखवून भांडता तरी येतं. लिंकेबेकच्या माणसाकडे दाखवायला आकडाच नाही.

लिंकेबेकचा नगराध्यक्ष

लिंकेबेक हे जेमतेम पाच हजार वस्तीचं, झाडीत दडलेलं गाव. ऑक्टोबर २००६ च्या निवडणुकीत तिथे दामियाँ तिएरी यांची यादी मोठ्या बहुमताने जिंकली. पण तेव्हा फ्लँडर्समध्ये नगराध्यक्षाची नेमणूक फ्लेमिश मंत्री करत असे. तिएरी आणि क्राइनेम, वेझेम्बेक-ओपेमचे त्यांचे सहकारी अशा तिघांनी मतदानाची बोलावणी फ्रेंच भाषकांना थेट फ्रेंचमध्ये पाठवली होती, म्हणजे पेटर्स परिपत्रक मोडलं होतं. शिवाय सभेत फ्रेंच बोलू दिलं होतं. नोव्हेंबर २००७ मध्ये मंत्री मारिनो कोलेन यांनी तिघांची नेमणूक नाकारली.

तिघंही नाव नसलेले नगराध्यक्ष म्हणून काम पाहत राहिले. खुर्चीवर तेच, सह्याही त्यांच्याच, पण पद नाही. युरोप परिषदेच्या स्थानिक सत्तांच्या काँग्रेसने २००८ मध्ये बेल्जियमवर टीका केली. २०१२ ला तिएरी पुन्हा जिंकले, पुन्हा नकार. २०१५ मध्ये मंत्री लिस्बेथ होमान्स यांनी अल्पमतातल्या डच भाषक यादीतल्या एरिक दे ब्राउकर यांना नगराध्यक्ष नेमलं. फ्रेंच भाषक नगरसेवकांनी सामूहिक राजीनामे दिले आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये गावाला पुन्हा मतदान करावं लागलं. पुन्हा तिएरींचीच यादी जिंकली.

या लढ्यात दोन्हीकडे तत्त्व होतं. निवडून आलेल्याने कायदा पाळायचा की नाही, हा प्रश्न मंत्र्याने विचारला तर तो पोरकट म्हणता येणार नाही. पण गावाने तीनदा निवडलेल्या माणसाला एका पत्राच्या भाषेवरून वर्षानुवर्षं टांगून ठेवणं हे लोकशाहीला शोभणारं नाही, असं मी स्पष्ट म्हणेन. गावाच्या पाट्यांवर फ्रेंच नावावर काळा रंग फासलेला दिसे. १९८१ पासून २०१२ पर्यंत दर वर्षी ब्रसेल्सला वळसा घालून हजारो सायकलस्वार 'दे गोर्डेल' नावाची फेरी काढत, हा पट्टा फ्लेमिश आहे हे दाखवायला. इतक्या शांत, सुखवस्तू गावांतून हे चाले आणि तरीही मोठा हिंसाचार झाला नाही, हेही लक्षात ठेवावं.

तडजोड आणि तिची किंमत

सगळ्यात मोठा स्फोट ब्रसेल्स-हाले-विल्फोर्डे मतदारसंघावरून झाला. राष्ट्रीय निवडणुकीसाठी ब्रसेल्स आणि हा फ्लेमिश पट्टा एकच मतदारसंघ होता, त्यामुळे पट्ट्यातला फ्रेंच भाषक ब्रसेल्सच्या नेत्यांना मत देऊ शके. २००३ मध्ये घटना न्यायालयाने ही रचना घटनेशी जुळत नाही असं ठरवलं. फ्लेमिश पक्षांना विभाजन हवं होतं, फ्रेंच पक्षांना ते नको होतं. एप्रिल २०१० मध्ये यावरून सरकार पडलं आणि जून २०१० च्या निवडणुकीनंतर देश ५४१ दिवस पूर्ण सरकारविना राहिला.

२०१२ मध्ये मतदारसंघ अखेर विभागला गेला. सहा गावांच्या मतदारांना राष्ट्रीय निवडणुकीत फ्लेमिश ब्राबांट किंवा ब्रसेल्स यांपैकी कुठल्याही बाजूच्या यादीला मत देण्याची मुभा मिळाली, आणि नगराध्यक्षाच्या नेमणुकीचे वाद कौन्सिल ऑफ स्टेटच्या, डच व फ्रेंच न्यायाधीश बरोबरीने असलेल्या पूर्णपीठाकडे गेले. बेव्हर धरून उरलेल्या २९ गावांना काहीच मिळालं नाही. त्यावरून एफडीएफने २०११ मध्येच उदारमतवाद्यांची साथ सोडली होती, आणि त्याबरोबर यूएफला एकत्र बांधणारा दोर सैल झाला.

माझ्या मते यूएफची उतरण इथून सुरू झाली. सहा गावांतल्या मतदाराला आपलं मत ब्रसेल्सला पोचवण्याचा दुसरा रस्ता मिळाला. फ्लेमिश संसदेतली एक जागा त्याला पूर्वीइतकी जिवाभावाची राहिली नाही. २९ गावांतल्या मतदाराला कळलं की आपल्यासाठी कुणी फार ताणणार नाही. त्यातच पक्षाने २४ वर्षांत एकाच माणसावर सगळी मदार ठेवली होती. शेवटच्या वर्षांत फान आयकन एका गंभीर फौजदारी प्रकरणात अडकले आणि दुसरा ओळखीचा चेहरा तयार नव्हता. ही चूक पक्षाची स्वतःची, ती फ्लेमिश सरकारच्या माथी मारता येणार नाही. २६ मे २०१९ च्या निवडणुकीत यूएफची जागा गेली. २०२४ मध्येही ती परत आली नाही.

दरम्यान जून २०१४ मध्ये कौन्सिल ऑफ स्टेटच्या त्याच पूर्णपीठाने ठरवलं की, रहिवाशाने एकदा पत्र देऊन आपली भाषा कळवली तर ते पत्र चार वर्षं ग्राह्य धरावं. फ्लेमिश सरकारने हा अर्थ मनापासून स्वीकारला नाही आणि वाद मिटला नाही, तरी हातात काहीतरी आलं. संसदेतल्या भाषणांनी जे साधलं नाही ते चिकाटीने चालवलेल्या खटल्यांनी साधलं. पण अशा खटल्यांना कागद लागतात, वकील लागतात, गावागावांत पत्रं गोळा करणारी माणसं लागतात, आणि चार वर्षांनी पत्रं पुन्हा भरून घेणारं कुणीतरी लागतं. निवडणुकीपुरत्या जमणाऱ्या यादीकडे असा कारखाना नव्हता. एफडीएफचं २०१५ मध्ये नामांतर होऊन देफी झाला, आणि हे काम स्थानिक नगरपालिकांतल्या फ्रेंच भाषक याद्यांवर येऊन पडलं आहे. त्या अजून बऱ्याच ठिकाणी बहुमतात आहेत. पुढच्या पिढीतली मुलं डच शाळांत जात आहेत, दोन्ही भाषा सफाईने बोलत आहेत, आणि त्यांतल्या किती जणांना असं पत्र लिहावंसं वाटेल यावर सहा गावांचं पुढचं राजकारण ठरेल.